आखाजीपर्यंतची मुदत

मामांच्या वर्षश्राद्धाच्या पंगती उठल्या आणि हात धुता धुता मामीने मला गाठलं. "गोडाऊनमधल्या गाडीचं काय ते एकदाचं सांग बॉ. ठिबकच्या नळ्या ठेवायले जागा नाही, अन् ते धूड जागा अडवून बसेल आहे."

मामेभावाने सावद्याचा भंगारवाला आधीच आणून दाखवला होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि अडतीस हजार सांगितले. मामेभाऊ तयार होता. मी मात्र बोलून गेलो, "मामी, आखाजीपर्यंत थांब. मी बघतो."

डिसेंबर चालू होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साडेचार-पाच महिने होते. तेवढ्यात एका गंजक्या गाडीचा निकाल लावणं काय अवघड, असं मला वाटलं. जळगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या, बुडालेल्या, उंदरांनी खाल्लेल्या मोटरी रोज समोर येतात आणि 'बांधायची की भंगारात टाकायची' हे मी पाच मिनिटांत सांगतो. लोखंड आपल्याला कळतं, ही घमेंड होती.

गाडी म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक, १९९३ची, पेट्रोल. मामांनी ती १९९७ साली जळगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, केळीला बरा भाव मिळाला त्या वर्षी. रावेर-यावल पट्ट्यात तेव्हा पैसेवाल्यांकडे जीप असायची, डॉक्टरांकडे फियाट, आणि पुढाऱ्यांकडे अँबेसेडर. कॉन्टेसा आमच्या गावात ती एकच. लांबलचक नाक, सपाट छत, मागे डिकी एवढी की त्यात केळीचे घड मावतील. मामा पालच्या घाटात ती तिसऱ्या गिअरमध्ये चढवायचे आणि आम्हा पोरांकडे आरशातून बघायचे. मी गाडी शिकलो ती हिच्यावर. २००४ला माझी वरात निघाली ती हिच्यातूनच, बॉनेटवर झेंडूच्या माळा आणि मागे मामांचे 'सावकाश, सावकाश'.

आजकालची पोरं तिला 'इंडियाची मसल कार' म्हणतात. दुकानातल्या पोराला फोटो दाखवला तर तोही तेच म्हणाला. दिसायला म्हणाल तर ठीक आहे. पण खरी मसल कार म्हणजे अमेरिकेतली १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ. सव्वासहा लिटरच्या वरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि सव्वातीनशे अश्वशक्ती. कॉन्टेसा मुळात इंग्लंडची. तिकडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या मोठ्या गाडीचा साचा हिंदुस्थान मोटर्सने घेतला आणि १९८४ पासून बंगालमध्ये उत्तरपाड्याला ती काढायला लागले. सुरुवातीला तर त्या एवढ्या देहाला अँबेसेडरचंच दीड लिटरचं, पन्नास अश्वशक्तीचं इंजिन होतं. म्हणजे पहिलवानाच्या अंगात शाळेच्या पोराचं काळीज. मग जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, आणि गाडी एकदाची धावायला लागली. मामांची ती इसुझूवाली. कंपनीने २००२ला हे मॉडेल बंद केलं. मामांनी २०१३ला. रजिस्ट्रेशनची मुदत संपली होती, मामांचा गुडघा गेला होता, आणि मामेभावाने नवी डिझेल गाडी आणली होती. कॉन्टेसा गोडाऊनात गेली ती गेलीच.

पहिल्या रविवारी मी ताडपत्री ओढली तेव्हा खरं सांगतो, जीव हरखला. धूळ बोटभर, पण धुळीखाली रंग जिवंत. आपल्याकडचा उन्हाळा माणसाला भाजून काढतो, पण लोखंडाला मानवतो. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा हवेत ओल कुठून येणार? कोकणातली गाडी दहा वर्षं उभी राहिली तर चाळणी होते, आपली होत नाही, असं मी मामेभावाला छाती फुगवून सांगितलं. पुढचे दोन्ही मडगार्ड ठोकून बघितले, दारं उघडून बघितली. दारांचा आवाज अजून तोच, 'ठप्प'. एवढ्यावर मी मनात निकाल लावून टाकला होता, हे आता कळतं.

आणि मग मी इंजिनाकडे वळलो. गाडीवर जीव असलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा इंजिनाकडे वळतो, कारण इंजिन चालू झालं की सगळ्यांना कळतं. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि ऑइल एकत्र करून सोडलं, आणि चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून जोर दिला. आधी काही नाही. मग खसकन एक इंच. मग पूर्ण फेरा. त्या दिवशी मी मामीच्या हातची कळण्याची भाकरी तीन खाल्ल्या.

पुढचे दोन रविवार त्यातच गेले. कार्ब्युरेटर सोडवला, धुतला. पेट्रोलची टाकी उघडली तर आत व्हार्निशसारखा वास आणि तळाला डिंक. टाकीला हात न लावता मी बाहेर पाच लिटरचा कॅन टांगला आणि ठिबकची बारीक नळी लावून पेट्रोल थेट पंपाला दिलं. नवी बॅटरी, नवे प्लग, ऑइल, फिल्टर, दोन होज पाइप. सगळे मिळून अकरा हजार चारशे. तिसऱ्या रविवारी चावी फिरवली, सातव्या का आठव्या खेपेला गाडीने पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि गुरगुरायला लागली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरच्या आतला दाब, मोजलं, चारही सिलिंडर एकशेवीस ते एकशेतीस पीएसआयच्या मध्ये, एकमेकांच्या जवळ. एवढ्या वर्षांनी! शेजारपाजारचे जमा झाले. मामी पदर तोंडाला लावून उभी होती. मामेभाऊसुद्धा हसत होता. मी बॉनेटवर हात ठेवून जाहीर करून टाकलं की गाडी होणार.

त्या संध्याकाळी मळ्यात भरीत होतं. बामणोदची वांगी, कांद्याची पात, वरून तेल. ताटावर बसून मी हिशोब करत होतो, रंग कोणता द्यायचा.

एका जवळच्या माणसाला दाखवून घे, असं मामेभावानेच सुचवलं. भुसावळला त्याच्या सासऱ्यांचे एक मित्र आहेत, रेल्वेत तीस-बत्तीस वर्षं वेल्डर होते, आता घरी बसून लोकांची गेट आणि ट्रॉल्या जोडतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. मी उत्साहाने गाडी चालू करून दाखवली. अण्णांनी हाताने 'बंद कर' अशी खूण केली. मग खिशातून एक जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि कापडात गुंडाळलेलं एक लोहचुंबक काढलं, पिशवीतून एक पोतं काढून जमिनीवर अंथरलं, आणि गाडीखाली गेले. एवढ्या दिवसांत मी गाडीखाली एकदाही गेलो नव्हतो.

आधी त्यांनी बाहेरून चुंबक फिरवलं. पुढच्या मडगार्डला चिकटलं, बॉनेटला चिकटलं, चारही दारांना चिकटलं. उजव्या मागच्या चाकावरच्या कमानीला मात्र ते धरेना, सुटून खाली यायचं. "लांबी आहे, पुट्टी," अण्णा म्हणाले. "कधीतरी ठोकली असेल, भरली आहे. ते काही नाही." मला वाटलं, सुटलो. मग खालून आवाज यायला लागला. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ते पत्रा वाजवत पुढून मागे येत होते. पुढे टण्, टण्, टण्. दाराखाली जो लांब पोकळ पट्टा जातो, सिल, तिथेही बऱ्यापैकी टण्. मागच्या दाराच्या जवळ आले आणि आवाज बदलला. 'भद'. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. मग आणखी एक 'भद'. मग आवाजच नाही, स्क्रू-ड्रायव्हर आत गेला होता.

"ये खाली," ते म्हणाले.

मी पोत्यावर त्यांच्या शेजारी आडवा झालो. त्यांनी टॉर्च धरला. डिकीच्या तळापासून मागे बंपरपर्यंत जाणारे दोन चौकोनी पोकळ दांडे असतात, त्यांच्यावर मागचा सगळा भार. डावा दांडा लांबून सलग दिसत होता. अण्णांनी त्याला टोचलं आणि पापडी सुटावी तसा अख्खा थर खाली आला, माझ्या तोंडावर. आत बोटभर लालसर भुगा भरलेला. मी म्हटलं, बापरे, केवढा गंज. अण्णांनी चिमूट उचलली, बोटांत चोळली, टॉर्चसमोर धरली. त्यात बारीक चमकणारे खडे होते. त्यांनी ते जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकले.

"खारट आहे बॉ. गंज खारट नसतो."

मी पण लावून बघितलं. खारट, आणि मागून कडसर. मला एका क्षणात ओळख पटली, कारण दुकानात येणाऱ्या शेतावरच्या मोटरींच्या बॉडीला हाच लाल खडा चिकटलेला असतो. पोटॅश.

मामीला विचारलं. मामी म्हणाली, "मग कुठं ठेवणार? त्या साली गोडाऊनचे पत्रे उडाले होते वादळात. गाडीची डिकी कोरडी. मृगबागले लागणारा पोटॅश तिच्यात ठेवला. मागच्या सीटवर बी ठेवला. मंग दर साली तेच होत गेलं. तुझा मामा म्हणे, गाडी आहे तर उपयोगाची हाये तोवर वापरू."

मृगबाग म्हणजे मृगात लावलेली केळी, आणि केळी-पोटॅशचं नातं आमच्याकडे कोणाला सांगायला नको. घड भरायचा तर पोटॅश पाहिजे. दुकानात मिळतो तो बहुतेक म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. जेवणातलं मीठ सोडियम क्लोराइड, हे त्याचं भावंड. उन्हाळ्यात ते गोणीत गुमान पडून राहतं. जून-जुलैत हवा दमट झाली की ओल ओढून घेतं, खडे पाझरतात, आणि ते पाणी गोणीच्या शिवणीतून पत्र्यावर. मीठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी झपाट्याने लोखंड खातं, आणि रंगाच्या आत शिरलं की वरून काही कळत नाही. दिवाळीनंतर सगळं वाळतं, आपण म्हणतो कोरडं आहे. पुढच्या मृगाला पुन्हा ओलं. असे सात-आठ पावसाळे. मी छाती फुगवून सांगितलेला खान्देशचा उन्हाळा गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागात खरा होता. मागच्या अर्ध्या भागात मामांनी कोकण आणून ठेवलं होतं.

अण्णांनी मग एक गोष्ट केली ती मला कुठल्याही गॅरेजवाल्याने नंतर करून दाखवली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागचं डावं दार उघडं-बंद करून दाखवलं, व्यवस्थित बसत होतं. दार आणि खांब यांच्यातली फट करंगळीने तपासायला सांगितली, वरून खालपर्यंत सारखी. मग सिलखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला. पहिल्यांदा कर्रर्र आवाज झाला आणि ठोकळाच पत्र्यात अर्धा इंच शिरला. जॅक चार बोटं पुढे घेतला. गाडी वर यायला लागली. चाक जमिनीवरून सुटलं आणि अण्णा म्हणाले, "आता दार लाव."

दार लागेना. खाली अडत होतं. वरची फट दुप्पट झाली होती, खालची गायब.

जीपसारख्या गाडीला खाली वेगळी चासी असते, शिडीसारखी. वरचा पत्रा कुजला तर उतरवून दुसरा टाका. कॉन्टेसाला तशी चासी नाही. पत्र्याची जी पेटी दिसते, तळ, सिल, खांब, छत, तीच तिची हाडं. पेटीचा एक कोपरा कुजला तर अख्खी पेटी पिळते. जॅकवर दार अडतं म्हणजे गाडी वाकते आहे. उद्या पाच माणसं बसवून घाटात वळण घेतलं तरी हेच होणार, फक्त तेव्हा ते दिसणार नाही.

मी म्हटलं, "अण्णा, वेल्डिंग?"

"वेल्डिंगले दोन्ही बाजूनं लोखंड लागते बॉ. अठी एकच बाजू आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मोटर आली. कॉइल जळालेली, मी 'बांधू' म्हटलं. दुसरी आली, बॉडीला आरपार तडा, बेअरिंगची बैठकच गेलेली. 'भंगार' म्हटलं, गिऱ्हाइकाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. मग लक्षात आलं की रोज दुसऱ्यांच्या मोटरीची आधी मी बॉडी बघतो, मग कॉइल. मामांच्या गाडीला मात्र कॉइलपासून सुरुवात केली आणि तीन रविवार घालवले.

पण निकाल तिथेच लागला नाही. मी आणखी दोन महिने घोळ घातला.

फोटो घेऊन तीन ठिकाणी फिरलो. पहिला, एक मोठं नाव असलेलं डेंटिंग-पेंटिंगवालं गॅरेज. मालक खुर्चीतून उठलासुद्धा नाही. मोबाइलवरचे फोटो बोटाने सरकवले आणि "होऊन जाईल, लाख-सव्वालाखात चकाचक" म्हणाला. मागच्या दांड्यांचं विचारलं तर, "पत्रा मारून अंडरकोटिंग करून टाकू, दिसणार नाही." दिसणार नाही, हे शब्द मी तिथून निघताना दोनदा मनात म्हटले. दुसरा धुळ्याचा, वयस्कर, आग्रा रोडवरच्या ट्रकांची कामं करत मोठा झालेला. तो स्वतः येऊन गाडीखाली गेला, अर्धा तास राहिला, आणि अहिराणीत म्हणाला, "भाऊ, पुढनी गाडी सोनं शे, मांगनी माटी." त्याने कागदावर हिशोब मांडून दिला. तिसऱ्याने काम घ्यायलाच नकार दिला, आणि त्याचा मला राग आला नाही.

धुळ्याचा हिशोब असा. मागचा तळ, दोन्ही दांडे, सिलचे मागचे भाग, चाकांच्या आतल्या कमानी, सगळं वीस आणि अठरा गेजच्या पत्र्यातून हाताने बनवायचं, कारण कॉन्टेसाचे हे पार्ट नवे मिळत नाहीत. नुसतं पत्राकाम दोन लाख दहा हजार. रंग पंचाण्णव हजार. इंजिन-गिअरबॉक्सची उरलेली कामं पंचावन्न. ब्रेक, सस्पेन्शन, टायर साठ. सीट आणि छताचं कापड चाळीस. काचांचे बीडिंग, क्रोम, दिवे पन्नास, तेही कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा मुंबईत हिंडून शोधायची तयारी असेल तर. बेरीज पाच लाख दहा हजार. खाली त्याने एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली होती, 'उघडल्यावर वाढू शकते'. आणि तोंडी सांगितलं ते आणखी महत्त्वाचं. खारं पाणी पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत बसलेलं असतं, कितीही घासलं तरी थोडं राहतं. नवा पत्रा जुन्याला जिथे जोडू, तिथून ते चार-पाच वर्षांत पुन्हा डोकं काढू शकतं. म्हणून पत्राकामाची गॅरंटी तो देणार नव्हता.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पाच लाखांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन वर एक खोली निघेल." ती काही चूक बोलत नव्हती. पण गच्चीतून गळणाऱ्या पाण्याशी माझं लहानपण जोडलेलं नव्हतं.

त्याच दिवसांत नाशिकला एक चालती कॉन्टेसा विकायला निघाल्याचं कळलं. जाऊन बघितली. पेट्रोल, कागद जिवंत, तळ कोरडा, रंग साधारण. पावणेचार लाख सांगत होते, घासाघीस वेगळी. म्हणजे मामांची गाडी उभी करायच्या पैशात एक धडधाकट गाडी येते आणि वर लाखभर उरतात. हिशोबाने प्रश्न तिथेच संपला. त्या गाडीत मी बसलोसुद्धा, स्टिअरिंग धरलं. सगळं तेच, आणि मला काहीही वाटलं नाही. घरी येताना चांदवडच्या घाटात मी गाडी बाजूला घेऊन चहा प्यायलो आणि हे स्वतःशी कबूल केलं की मला कॉन्टेसा नको होती.

कागदपत्रांचं राहिलं. पेटीत आरसी बुक सापडलं. पंधरा वर्षांची मूळ मुदत २००८ला संपली, पुढची पाच वर्षं मामांनी वाढवली, २०१३ला तीही संपली. पुन्हा जिवंत करायची तर आधी मामांच्या नावावरून वारसाच्या नावावर, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. मग फॉर्म २५ भरून नूतनीकरण. २०२२ला त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर उशिराचा दंड दर महिन्याला पाचशे, पर्यावरण कर वेगळा. आणि गाडी आरटीओसमोर तपासणीला उभी करावी लागते, म्हणजे सगळा खर्च आधी करून मग पास होते का बघायचं. एका हौशी मित्राने 'व्हिंटेज म्हणून पास करून घे' असा सल्ला दिला. तो नियम २०२१चा आहे आणि त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते. १९९३ची गाडी पन्नाशीला पोचेल तेव्हा मी साठीच्या पुढे असेन, आणि डावा दांडा असाच राहिला तर ती जमिनीवर.

एक शेवटची पळवाट मी शोधून काढली होती. मागून चांगली आणि पुढून ठोकलेली एखादी कॉन्टेसा घ्यायची आणि दोघींची एक करायची. अण्णांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन गाड्या मधून कापून जोडलेली गाडी मी एकदा पाहेल आहे. अपघातानंतर पाहेल आहे." त्यावर पुढे काही विचारलं नाही.

पण त्या पळवाटेनेच रस्ता सापडला. तशी गाडी शोधताना नाशिकजवळचा एक माणूस भेटला. त्याच्याकडे १९९५ची इसुझू पेट्रोल होती, कागद चालू, तळ धडधाकट, पण समोरून ट्रॉलीला घासलेली, गिअरबॉक्स खडखडणारा, आणि काचा-दारं कुठे मिळेनात म्हणून दीड वर्ष उभी. त्याला माझं इंजिन नको होतं, बाकी पुढचं जवळजवळ सगळं हवं होतं. बॉनेट, मडगार्ड, चारही दारं, काचा, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड. तो मार्चच्या शेवटी आला. सोबत स्वतःचा चुंबक घेऊन आला होता, ते बघून मला तो आवडला. मी न विचारता त्याला आधी डिकी उघडून दाखवली. तो हसला, "मला मागचं नकोच आहे." इंजिनासकट अख्ख्या गाडीचे ब्याण्णव हजार ठरले. भंगाराच्या अडतीसपेक्षा चोपन्न जास्त, त्यातून माझे अकरा हजार चारशे मी मागितले नाहीत. मामेभावाने गुपचूप दिले.

जायच्या आधी चासी नंबरचा भाग कापून ठेवला. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. ते काम मामीच्या सहीने झालं. सही करताना तिने फॉर्मवरचा गाडीचा नंबर मोठ्याने वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

आखाजीच्या तीन दिवस आधी ट्रक आला. झाडाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि इकडे आम्ही गाडीला पट्टे लावत होतो. पुढून उचललं, सरळ वर आली. मागून पट्टा घातला, क्रेनवाल्याने दोर ताणला, आणि डिकीचा खालचा भाग पट्ट्यासकट वर आला. गाडी होती तिथेच. क्रेनवाला बघत राहिला. शेवटी मागच्या अॅक्सलला साखळी घालून तिला चढवलं. ट्रक वेशीपर्यंत गेला तोवर मामी ओट्यावर होती, मग आत गेली, सांजोऱ्यांचं पीठ तसंच राहिलं होतं.

आठवडाभराने गेलो तेव्हा गोडाऊन झाडून घेतलेलं होतं. एका भिंतीला ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. दुसऱ्या भिंतीला, जिथे डिकी असायची बरोबर तिथे, पोटॅशच्या गोण्या, मृगबागेची तयारी. त्यांच्या अंगाला लावून मामेभावाची डिझेल गाडी.

मी त्याला म्हटलं, "गाडी चार हात लांब लाव, आणि गोण्यांखाली फळ्या टाक."

तो म्हणाला, "टाकू ना. पाऊस येऊ दे."

मी कोपऱ्यातल्या दोन फळ्या उचलल्या आणि एकेक गोणी सरकवायला लागलो.